ठकूआक्काचा इचार

ठकूआक्काला सकाळी काही विचारलं, तर उत्तर दिवेलागणीला मिळत असे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर थेरगावातला माझा पहिला दिवस मारुतीच्या देवळाबाहेर ट्रंकेवर बसून गेला नसता.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. गुहागरकडची पोर, नुकतीच नर्सिंग पास झालेली आणि त्या प्रमाणपत्राचा भलताच ताठा असलेली. पन्नास साल उलटून थोडी वर्षं झाली होती. चिंचवडच्या एका लहानशा दवाखान्यात मला नोकरी लागली, पण गावात खोली मिळेना. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी असतील नसतील त्या पडव्यासुद्धा भरून टाकल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, पवना ओलांडून थेरगावात बघा. पलीकडे मूठभर घरं आणि मग नुसती शेतं. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई बसली होती. चैत्राचं ऊन अंगाची काहिली करत होतं आणि बाईने घोंगडी पांघरली होती.

"खोली मिळेल का हो भाड्याने?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बहिरी असेल, म्हणून मी ओरडून विचारलं. तरी ती बघतच राहिली. बिचारी वेडसर दिसते, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले. बाकीच्या घरांनी मात्र "न्हाई बा" चटकन सांगून टाकलं. अखेर संध्याकाळी मी देवळाबाहेर रडकुंडीला येऊन बसले असताना ती घोंगडीवाली बाई पाय ओढत आली आणि सकाळचं बोलणं मधे तुटलंच नाही अशा थाटात म्हणाली, "व्हय. हाय की खोली. पर मागल्या अंगाला हाय, म्हशीचा वास येतो. तुला चालंल का, त्येचाच इचार करीत व्हते."

सबंध दिवस तिने माझ्या नाकाचा विचार केला होता.

घर तिच्या भावाचं, म्हादूचं. म्हादू, त्याची बायको आणि तीन पोरं अशा भरल्या घरात आक्का राहत होती. वय चाळिशीच्या आसपास, बांधा ठेंगणा, हात रुंद आणि कोरडे, भुवया विरळ. आवाज जाडसर आणि मऊ, जणू तोंडात गुळाचा खडा धरून बोलते आहे. गळ्यात तुळशीची माळ. माळकरीण असल्यामुळे घरात कधी कोंबडं शिजलंच, तर ती आपली चूल अंगणात मांडायची. तिला कधीही थंडी वाजायची आणि कुठेही झोप यायची. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा, डोळे मिटायचे आणि तव्यावरची भाकरी वहिनी धावत येऊन उलटायची.

पोरांना ती गोष्टी सांगायची, त्यांतही तेच. राजा विहिरीत उतरला की आक्काला डुलकी लागायची. पण पोरं उठत नसत. तीही गुडघ्यांत डोकी घालून तिथेच पेंगत, आणि आक्काने डोळे उघडले की एखादं सांगायचं, "राजा इहिरीत हाय, आक्का." मग आक्का राजाला तिथूनच आणखी दोन पायऱ्या खाली न्यायची. एक गोष्ट आठ-आठ दिवस चाले. मीही दवाखान्यातून येऊन दाराशी टेकून ऐकत बसे. नदीवरून गार वारा यायचा, म्हशी रवंथ करायच्या, आणि तो राजा सावकाश, अगदी सावकाश विहिरीत उतरत असायचा. माझ्यासारख्या धांदरट बाईला तिथे स्वस्थ बसवायचं ही साधी गोष्ट नव्हती.

बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. सासर चाकणकडचं. दोन वर्षांत त्यांनी तिला परत पाठवलं. मी एकदा कारण विचारलं तर तिसऱ्या दिवशी म्हैस धुताना ती सांगू लागली. "मी कामाला मंद. सासू भांडायची. मंग एक दिस सासऱ्यानं समोर बशिवलं आन् इचारलं, ऱ्हातीस का जातीस? मानूस बरं व्हतं त्ये, नीट इचारलं त्यानं. म्या इचार कराया बसले. नवरा वाईट न्हवता. परसात शेवग्याचं झाड व्हतं, त्ये बी मला आवडायचं. ऱ्हाते म्हनावं, हितवर माजं आलं व्हतं. तवर भाईर गाडी जुपली."

"मग तुम्ही ओरडून सांगायचं नाही का, राहते म्हणून?"

"सांगितलं की. पर त्ये गाडी चिंचवडाच्या जवळ आल्यावं," असं म्हणून ती हसली आणि म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत राहिली. मीही हसले. तेव्हा मला ती गोष्ट विनोदी वाटली होती.

आक्काच्या गळ्यावर, कंठमण्याच्या जरा वर, अगदी मधोमध एक गाठ होती. आवळ्याएवढी, जन्मापासूनची. ती तिला "माजी गोटी" म्हणायची. गल्लीतली पोरं येऊन सांगायची, "आक्का, गोटी चढीव." मग आक्का जीभ लांब बाहेर काढायची आणि गोटी टुणकन वर चढायची. जीभ आत घेतली की खाली. पोरं खिदळायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मात्र माझ्या अंगात माझं प्रमाणपत्र संचारलं. जीभ बाहेर काढल्यावर वर सरकते ती गाठ म्हणजे जन्मापासून गळ्यात राहून गेलेली पाण्याची पिशवी, असं आम्हाला शिकवलेलं होतं. एका छोट्या ऑपरेशनने ती निघते, हेही शिकवलेलं होतं. बोट ठेवून सांगता येईल असा आजार पुस्तकाबाहेर मला प्रथमच भेटत होता आणि तोही माझ्या घरमालकिणीच्या गळ्यात.

दुसऱ्या वर्षी ती गाठ थोडी वाढली. आक्काला घास गिळताना मधेच थांबावं लागे. मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या सर्जनांना चिठ्ठी दिली, आणि मी घरी येऊन आक्काला म्हटलं, "काढून टाकू या गाठ. काही दुखणार नाही."

"बगू," आक्का म्हणाली.

बगू म्हणजे हो, असं मी ठरवलं. तारीख घेतली, म्हादूला तयार केलं, आणि चैत्रातल्या एका सकाळी आम्ही चिंचवडच्या स्टेशनावर गाडीत बसलो. आक्का खिडकीशी घोंगडी लपेटून बसली आणि दापोडी यायच्या आत झोपली. दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा तिने माझा हात धरला. "पोरी," ती म्हणाली, "माजा इचार अजून झाला न्हाई."

त्या अख्ख्या गावात मला पोरी म्हणणारं माणूस ती एकटीच. बाकी सगळ्यांची मी नर्सबाई. तिचा तो कोरडा हात मी थोपटला आणि म्हटलं, "आता कसला विचार, आक्का? झोपून उठाल तोवर झालेलं असेल." मग मी हात सोडवून घेतला. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, हे मला आजही आठवतं आणि आजही माझी मला लाज वाटते.

जखम सुरेख भरली. आठ-दहा दिवसांत आक्का घरी आली. घास नीट उतरू लागला. पोरं जरा हिरमुसली, कारण गोटी गेली होती. मी आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

पुढच्या सहा-सात महिन्यांत जे झालं ते आमच्या डोळ्यांसमोर झालं आणि आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. आक्का आणखी सुस्त झाली. पण आक्का सुस्त झाली, ही काय बातमी आहे? पाऊस ओला आहे असं कुणी सांगत नाही. ती दुपारची झोपायची, ती सकाळचीही झोपू लागली. घोंगडी एक होती, त्या दोन झाल्या. चेहरा फुगला, तर वहिनी म्हणाली, "आता गिळाय येतंय, बाळसं धरलंय." राजाची गोष्ट श्रावणात थांबली ती पुढे सरकलीच नाही. पोरं थोडे दिवस वाट बघून खेळायला निघून गेली. मी रोज तिच्या शेजारून ये-जा करत होते, रोज शंभर माणसांच्या नाड्या बघत होते, आणि घरात आले की म्हणत होते, आमची आक्का म्हणजे आक्काच.

तिकडे दिवाळी सरली आणि धनगर आले. फलटणकडची ही मंडळी दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात, म्हणजे माझ्या मुलखाकडे उतरायची. वाटेत म्हादूच्या रानात चार-पाच रात्री मेंढरं बसवायची, की रानाला फुकट खत. त्यांतली कोंडाबाई म्हणून एक वयस्क धनगरीण आक्काची मैत्रीण. दरसाल मेंढरं आली की आक्का रानात जाऊन त्यांच्यात बसायची. तिला एकेक मेंढरू ओळखू यायचं, त्यांना तिने नावं ठेवली होती, आणि दोन-दोन वर्षांनीही ती नावं ती विसरत नसे. एवढी मेंढरं चारी बाजूंनी ऊब देत असताना तिला घोंगडीसुद्धा लागत नसे.

त्या वर्षी आक्का रानात गेली नाही. दोन दिवस वाट बघून कोंडाबाईच घरी आली. उन्हात बसलेल्या आक्काकडे तिने बघितलं, तिचा गाल चिमटीत धरला, सोडला, आणि माझ्याकडे वळली.

"ही कोन हाय?" तिने विचारलं. "गेल्या सालची ही न्हवं. मेंढरू असं फुगलं आन् थंड पडलं तर आमी चार दिस बी थांबत न्हाई. तुमी दवाखान्यातली ना गं?"

वर्षातून मोजके दिवस भेटणाऱ्या बाईला जे दिसलं, ते रोज बघणाऱ्या नर्सबाईला दिसलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी आक्काला पुण्याला नेलं. सर्जनांनी तिचा चेहरा पाहिला, आवाज ऐकला, आणि जुनी फाइल मागवली. काढलेली गाठ तपासणीला गेली होती. तिचा अहवाल येऊन त्या फाइलमध्ये निजून राहिला होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आईच्या पोटात बाळ असतं तेव्हा शरीराचं काम चालतं ठेवणारी गळ्यातली ग्रंथी आधी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून हळूहळू खाली, आपल्या जागेवर उतरते. फार क्वचित एखाद्या बाळाची ग्रंथी वाटेतच थांबते. आक्काची तशी थांबली होती. अर्ध्या वाटेत बसून ती बिचारी जमेल तेवढं काम चाळीस वर्षं करत राहिली. पाण्याची पिशवी समजून आम्ही काढली ती हीच, आणि खाली दुसरी नव्हतीच. "कापण्याआधी खाली ग्रंथी आहे की नाही, हे मी चाचपून बघायला हवं होतं," ते म्हणाले. मोठा माणूस माझ्यासारख्या पोरीजवळ असं कबूल करतो हे मी प्रथमच पाहत होते. "आता हिच्या शरीराला जागं ठेवणारं आत काही उरलेलं नाही. गोळी द्यावी लागेल. रोज, जन्मभर. गोळी चुकली तर अशीच झोपत झोपत एक दिवस उठायची नाही."

तपकिरी गोळ्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. कशाच्या असतात, हे मी सहज विचारलं.

"मेंढराच्या," ते म्हणाले. "त्याची हीच ग्रंथी वाळवून दळतात."

आक्का बाहेर बाकावर घोंगडीत झोपली होती. गळ्यात माळ होती. संध्याकाळी पवनेच्या पात्रातल्या धोंड्यांवरून मी तिला हाताला धरून आणत होते, तेव्हा मधल्या धोंड्यावर ती थांबली. "कशाची गं ही गोळी?"

"शेवाळाची," मी म्हटलं. "समुद्रातल्या. आमच्या गुहागरला किनाऱ्यावर वाहून येतं ना, त्याची." आणि खोटं पक्कं व्हावं म्हणून त्या शेवाळाचा रंगसुद्धा सांगितला.

तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती गोळी तळहातावर घेई, मावळतीकडे तोंड करून "तुझ्या दर्याला" म्हणत हात जोडी, आणि मग गिळी. रोज सकाळी हे मला बघावं लागे.

गोळीने आपलं काम चोख केलं. माघात तिची एक घोंगडी गेली, होळीच्या आधी दुसरी गेली. चेहऱ्याची सूज उतरली आणि आतून एक वेगळीच, रेखीव बाई बाहेर आली. जन्मापासून तिला जे पुरेसं मिळालंच नव्हतं ते आता प्रथमच मिळत होतं. ती वहिनीच्या आधी उठू लागली. राजा एकदाचा विहिरीच्या तळाला पोचला आणि तिथून वर येऊन राज्यही करू लागला. एकदा संध्याकाळी नदीकडे बघत ती मला म्हणाली, "पोरी, तुमी समदी रोज अशीच असता व्हय? मला वाटायचं तुमाला कसली तरी घाई हाय. ही घाई न्हाई, ह्ये असंच अस्तंय." मग म्हणाली, "सपानं मातुर कमी पडत्यात आता. पयली लई पडायची." विचार मात्र तिचा सावकाशच राहिला. तो ग्रंथीमुळे नव्हता, तो तिचा स्वभाव होता, हे मला तेव्हा कळलं.

ज्येष्ठात धनगर कोकणातून परत फिरले. आक्का पळतच रानात गेली म्हणायला हरकत नाही. कोंडाबाईने तिला पोटाशी धरलं. आक्काने कौतुकाने गोळ्यांचा डबा दाखवला. "तुमच्या वाटंवरच्या दर्याचं शेवाळ हाय ह्ये." कोंडाबाईने एक गोळी चिमटीत घेऊन वास घेतला, परत घेतला. ज्या बाईचा जन्म मेंढरांत गेला, तिला तो वास कसा चुकणार?

मी दवाखान्यातून आले तेव्हा आक्का उंबऱ्यावर बसली होती, डबा मांडीवर.

"पोरी, कशाची ही गोळी?"

परत खोटं बोलता आलं असतं. कोंडाबाई अडाणी, तिला काय कळतं, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण तिने तोंड मावळतीकडे करून जोडलेले हात मला दिसत होते. "मेंढराची," मी म्हटलं. "तुम्ही घेतली नसती, आणि मग तुम्ही गेला असतात. म्हणून."

त्या दिवशी मात्र उत्तराला संध्याकाळ लागली नाही.

"सासऱ्यानं गाडी जुपली," ती म्हणाली. "तू टेबलावं निजिवलंस. म्या तुला म्हनले व्हते, माजा इचार झाला न्हाई. आता गोळी बी तूच ठरिवलीस. मी मंद हाय, पर येडी न्हाई गं. म्या इचार करून हीच गोळी खाल्ली बी आस्ती. तू मला बगूच दिलं न्हाई." तिने डबा कोनाड्यात ठेवला. "आता मी इचार करती. मदी बोलू नगंस."

आणि गोळी थांबली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग पाऊस लागला, पवना भरली, मी होडीतून जाऊ-येऊ लागले, आणि घरात एकेक घोंगडी परत आली. आवाजात तो गुळाचा खडा परत आला. म्हादूने भजनातल्या बुवांना आणलं. ते भले गृहस्थ म्हणाले, "औषधाला दोष न्हाई, ठकूबाई. माळ असू द्या, गोळी घ्या." आक्काने त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "त्ये तुमचं झालं, बुवा. माजं मी बगती." म्हादू माझ्यावर चिडला. माझं चुकलं काय ते त्याला कळत नव्हतं. आक्काला सांगून टाकलं, हे चुकलं, असं त्याचं म्हणणं.

आमच्या डॉक्टरांनी तर सोपा उपाय सांगितला. गोळी कुटून चहात घाला, कळणारही नाही. एका सकाळी मी खरंच चुलीपुढे बसले. खलात गोळी होती, चहा उकळत होता, घरात कुणी नव्हतं. ओटीवर आक्का झोपली होती. तिचा श्वास मंद, इतका मंद की एक संपून दुसरा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागे. बत्ता माझ्या हातात होता. तिला मी आई म्हणाले नाही कधी, पण माझी आई गेल्यावर मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. ती मेली असती तर मला जगात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि तरी मला कळत होतं, की ही गोळी मी चहात घातली तर ती जगेल, पण सासऱ्याच्या त्या गाडीत ती चौथ्यांदा बसवली गेलेली असेल. मी गोळी परत डब्यात टाकली आणि बिनगोळीचा चहा तिच्या उशाशी नेऊन ठेवला.

त्यानंतर मी फक्त वाट बघितली. वाट बघणं मला येत नव्हतं, ते मी त्या पावसात शिकले. रोज परत येताना होडीतून तिचं अंगण दिसेपर्यंत मी श्वास धरून बसे. अंगणात घोंगडी दिसली की सोडी. तिच्याशेजारी बसून मी शेंगा फोडायची, निवडायची, काही विचारायची नाही. ती मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघायची, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, आणि परत मिटायची. महिना गेला. वर चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी पाऊस जरा उघडला होता. दवाखान्यात गर्दी होती. खोकलेकरी, तापकरी, पाय सुजलेल्या बाया. मी मान खाली घालून औषधं देत होते. एकाला पट्टी बांधून डोकं वर केलं, तर रांगेच्या शेवटी आक्का उभी होती. होडीतून उतरून दवाखान्यापर्यंतचा चढ ती एकटी चढून आली होती. त्याला तिला किती वेळ लागला असेल देव जाणे. मी लगबगीने उठले तर तिने हातानेच मला बसवलं. तिची पाळी यायची होती. भिंतीला हात टेकत, दम खात ती रांगेबरोबर एकेक पाऊल पुढे येत राहिली आणि मी समोरच्या माणसांच्या नाड्या मोजत राहिले. मोजलेलं काही ध्यानात राहत नव्हतं.

ती समोर आली. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता. गळ्यात माळ नव्हती. माझ्या नजरेचा रोख तिला कळला.

"म्हादूच्या तुळशीला घातली," ती म्हणाली. "बुवा म्हनत्यात ऱ्हाऊ दे. पर मेंढराचा जीव गिळायचा आन् वर माळ बी मिरवायची, ह्ये मला न्हाई जमत. जगावं आसं वाटतंय मला. मंग गिळायचा त्यो उगड्या गळ्यानं."

वर्षभर मण्यांआड राहिलेली टाक्यांची रेघ मी त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात बघितली. आडवी, बोटभर लांब, पांढरट.

"बाई," ती मला म्हणाली, "माजी गोळी द्या."

मी डबा उघडला. कोणत्याही बाईला सांगावं तसं सांगितलं, "मेंढराची आहे."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पानी द्या."